रिकाम्या दिवसांचं गाव

शंभर माणसं मोजली होती. रस्ता एकच, गावाचा मुख्य रस्ता. कोण कोणत्या चालीने जातो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना वाटेत किती वेळा थांबतो, एवढंच टिपायचं होतं. पुरुषांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश निदान दोनदा थांबले. न थांबता रस्ता संपवणारा पुरुष दहांत एखादाच निघाला. बायकांची चाल त्यांच्या दीडपट होती आणि त्यांतल्या बहुतेकींचं वाटेत फारसं थांबणं झालं नाही. गावात पुरुषांना जायचं असं ठिकाणच उरलं नव्हतं. बायकांना मात्र घरी पोचायचं होतं.

हे गाव म्हणजे ऑस्ट्रियातलं मारिएन्थाल. व्हिएन्नापासून फार लांब नाही, ग्रामाटनोइझीड्ल या गावाला लागून असलेली गिरणी-वस्ती. १८३०च्या सुमारास इथे कताईची गिरणी उभी राहिली आणि पुढची शंभर वर्षं वस्तीचं सगळं आयुष्य तिच्याभोवती फिरलं. बाप, मुलगा, सून, सगळे एकाच फाटकातून आत जायचे. मग जागतिक मंदी आली. १९२९च्या मध्यापासून एकेक खातं बंद पडत गेलं आणि १९३०च्या फेब्रुवारीपर्यंत सगळी गिरणी थंड झाली. ४७८ कुटुंबं, १४८६ माणसं. त्यांतली तीन-चतुर्थांश कुटुंबं बेकारभत्त्यावर आली. भत्त्यालाही मुदत होती. ती संपली की त्याहून तुटपुंजी मदत मिळायची आणि तीही संपली की काहीच नाही.

ही मोजणी करणारी मंडळी व्हिएन्नातली. पॉल लाझार्सफेल्ड, मारी याहोदा आणि हान्स झाइझेल ही त्यांतली प्रमुख नावं. लाझार्सफेल्ड तिशीचे होते, याहोदा अवघ्या चोवीस वर्षांच्या. लाझार्सफेल्ड यांना खरं तर कामगार फुरसतीचा वेळ कसा घालवतात याचा अभ्यास करायचा होता. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्यांना वाटेवर आणलं. देशात एवढी बेकारी माजलेली असताना फुरसतीचा कसला अभ्यास करता, बेकारीचा करा, असा त्यांचा रोख होता. या मंडळींनी स्वतःला एक नियम घालून घेतला. तो आज प्रत्येक संशोधकाने आणि आम्हा पत्रकारांनीही भिंतीवर लावून ठेवावा असा आहे: गावात कुणीही नुसतं बघ्या म्हणून राहायचं नाही, गावाच्या उपयोगाचं काहीतरी करतच राहायचं. त्यांनी व्हिएन्नात जुने कपडे गोळा केले आणि कोणाला काय हवंय हे विचारायला घरोघर गेले. डॉक्टर आणून मोफत दवाखाना चालवला. बायकांसाठी कपडे बेतण्याचा वर्ग आणि मुलींसाठी व्यायामाचा वर्ग काढला. दारं अशी उघडली. लोक बोलले, आपण दिवसभर काय करतो हे त्यांनी तासातासाला कागदावर लिहून दिलं.

काम नाही म्हणजे वेळच वेळ, असं आपण धरून चालतो. मारिएन्थालमध्ये उलटंच दिसलं. कामगारांचं स्वतःचं वाचनालय होतं. पूर्वी पुस्तकामागे वर्गणी पडायची, आता पुस्तकं फुकट होती. तरी १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. ‘आर्बायटर-त्साइटुंग’ हे कामगारांचं राजकीय दैनिक बेकारांना सवलतीत मिळायचं. त्याचे गावातले ६० टक्के वर्गणीदार गळले. हलकंफुलकं वाचायला देणाऱ्या दुसऱ्या दैनिकाची घट मात्र २७ टक्केच होती. याचा अर्थ वर्तमानपत्राला पैसे नव्हते एवढाच नाही, देशात काय चाललंय यातलं लक्षही उडालं होतं. गावात एक सुंदर बाग होती. गिरणी चालू असताना गावकरी ती जीव लावून राखत. लोकांना दिवसाचे चोवीस तास मोकळे मिळाले आणि बागेत तण माजलं. तण उपटायला पैसे लागत नाहीत. कुणी उपटलं नाही.

याच गोष्टीशी मी अडलो. वर्तमानपत्राचं समजू शकतो, बागेचं काय?

उत्तराचा एक धागा त्या तासातासाच्या कागदांत आहे. सकाळी उठलो, मुलांना शाळेत पोचवलं, इथपर्यंत बहुतेकांना लिहिता आलं. पुढचे रकाने अडले. दहा ते अकरा काय केलं? अकरा ते बारा? भिंतीला टेकून उभा होतो, कुणाशी तरी दोन शब्द बोललो, मग जेवायची वेळ झाली. उठणं, दुपारचं जेवण आणि झोपणं ही तीनच ठिकाणं दिवसात उरली होती, मधलं सगळं निसटून जात होतं. दुपारी घरची बाई जेवायला हाक मारते तेव्हा दिवसभर मोकळा असलेला नवरा वेळेवर येत नाही, यावरून घरोघरी भांडणं होत. बहुतेक पुरुषांनी खिशात घड्याळ ठेवणं सोडून दिलं होतं. भोंगा होता तेव्हा आठ-नऊ तास गिरणीत जायचे आणि उरलेल्या वेळात हीच माणसं वाचायची, सभा घ्यायची, नाटकं बसवायची, बाग राखायची. उरलेला वेळ हा कशातून तरी उरावा लागतो. आता सगळाच वेळ उरलेला होता.

बायकांचं वेगळं होतं, आणि इथे थोडं थांबायला हवं. त्याही गिरणीतच कामाला होत्या, त्यांचीही नोकरी गेली होती. पण कागद भरायला त्यांना काही अडचण आली नाही. तेवढ्याच पिठात आठवडा कसा काढायचा, पोराच्या पँटीला कितवं ठिगळ लावायचं, सरपण कुठून आणायचं, यात त्यांचा दिवस पुरत नव्हता. नोंदीत त्या बेकार होत्या, प्रत्यक्षात एक मिनिट बसलेल्या नव्हत्या. म्हणून रस्त्यावरची त्यांची चाल ढळली नव्हती. आपल्याकडे घरकामाला काम न म्हणण्याची खोड अजून गेलेली नाही. माणसाला उभं ठेवण्याची केवढी ताकद त्या कामात आहे, हे त्या शंभर माणसांच्या मोजणीने दाखवून दिलं. तरीही याच बायकांना विचारलं तेव्हा पुष्कळजणींनी सांगितलं की गिरणी उघडली तर उद्या परत जाऊ. गिरणी आणि घर अशी दुहेरी ओढाताण त्यांनी वर्षानुवर्षं सोसली होती. तरी हवी होती ती गिरणीच. पैशासाठी हवी होती हे खरंच, पण शिवाय तिथे चार माणसं भेटायची, घराच्या भिंतींबाहेरचं जग होतं.

पैशाचा प्रश्न मागे टाकून मी कामाचं गुणगान करतोय असं कुणाला वाटू नये. या अभ्यासकांनी गावातल्या कुटुंबांचे मनःस्थितीनुसार चार गट पाडले: न मोडलेले, परिस्थितीपुढे मान तुकवलेले, निराशेत बुडालेले आणि सगळं सोडून दिलेले. सर्वांत मोठा गट मान तुकवलेल्यांचा. मग प्रत्येक गटाचं दरमहा दरडोई उत्पन्न काढलं. न मोडलेल्यांचं ३४ शिलिंग, मान तुकवलेल्यांचं ३०, निराशांचं २५, सगळं सोडून दिलेल्यांचं १९. चौतीस आणि एकोणीस यांच्यामधल्या पंधरा शिलिंगांत माणूस उभा राहणं किंवा कोसळणं ठरत होतं. गावातली कुत्री-मांजरं नाहीशी होत होती आणि ती कुठे जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाताळात काय हवं हे शाळेतल्या मुलांना लिहायला सांगितलं, तेव्हा मारिएन्थालच्या मुलांच्या इच्छांची किंमत आसपासच्या गावांतल्या मुलांच्या इच्छांच्या एक-तृतीयांश भरली. मुलांनी मागणं आधीच आखडतं घेतलं होतं. एका बारा वर्षांच्या मुलाला वैमानिक, पाणबुडीचा कप्तान, असं बरंच काही व्हायचं होतं, पण चांगली जागा मिळणं अवघड जाईल अशी धास्ती त्याने त्याच निबंधात लिहिली होती.

पैशाची मदत देणारी व्यवस्था मात्र उरलेसुरले हातही बांधत होती. भत्ता घेणाऱ्याने कसलीही कमाई करायची नाही, असा नियम. एकाने झाडं तोडायला मदत केली, बदल्यात सरपण घेतलं, त्याचा भत्ता बंद. एका बाईने दूध पोचवलं आणि मुलांसाठी थोडं दूध घेतलं, तिचाही बंद. एकाने बाजा वाजवून चार नाणी मिळवली, त्याचाही बंद. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध निनावी चिठ्ठ्या लिहू लागला, आणि त्यांतल्या बऱ्याच खोट्या निघत. अभ्यासक डाव्या विचारांचे होते. एवढी उपासमार झाल्यावर कामगार पेटून उठेल, असं त्यांच्यापैकी काहींना वाटत असेल. कामगार पेटले नाहीत, विझत गेले. सभा ओस पडल्या. पुढच्या काही वर्षांत त्या देशाचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

पुस्तक १९३३ साली लाइपझिगला छापलं गेलं. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता आणि लेखक ज्यू होते, म्हणून मुखपृष्ठावर त्यांची नावंच घातली नाहीत. लवकरच पुस्तकावर बंदी आली. याहोदांना १९३६ साली ऑस्ट्रियाच्याच हुकूमशाही सरकारने तुरुंगात टाकलं, १९३७ मध्ये देश सोडण्याच्या अटीवर सोडलं. त्या इंग्लंडला गेल्या.

तिथली एक गोष्ट मारिएन्थालइतकीच महत्त्वाची आहे, पण ती फारशी सांगितली जात नाही. दक्षिण वेल्समधल्या बेकार खाणकामगारांसाठी क्वेकर पंथाच्या मंडळींनी एक योजना चालवली होती. बेकारांनी एकत्र येऊन शेती करायची, भाकरी भाजायची, कपडे-जोडे शिवायचे आणि तयार झालेला माल आपापसांत उत्पादन खर्चाच्या किमतीला घ्यायचा. मजुरी नाही, भत्ता चालूच. हेतू अगदी निर्मळ होता. याहोदा तिथे राहून अभ्यास करू लागल्या. वयस्क कामगारांना त्यात बरं वाटत होतं, पण तरुण फिरकत नव्हते. हातात मजुरी पडत नाही, बाहेरच्या जगात या कामाला किंमत नाही, मग हे खरं काम नव्हे, अशी त्यांची भावना होती. याहोदांनी अहवालात हे स्पष्ट लिहिलं. दरम्यान हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, आणि योजनेचे प्रमुख लॉर्ड फॉरेस्टर यांनी याहोदांच्या व्हिएन्नात अडकलेल्या नातेवाइकांना बाहेर काढण्यासाठी धावपळ केली. त्याच गृहस्थांनी अहवाल वाचला आणि ते पार खचले. याहोदांनी तो अहवाल छापला नाही. कित्येक दशकांनंतर तो बाहेर आला. संशोधक म्हणून त्या चुकल्या की माणूस म्हणून बरोबर वागल्या, याचा निवाडा मला करवत नाही. निष्कर्ष मात्र लाखमोलाचा आहे: बेकारांना नुसतं गुंतवून ठेवणं म्हणजे काम देणं नव्हे.

पुढे प्राध्यापक झाल्यावर याहोदांनी हे सगळं एका मांडणीत आणलं. नोकरी पगार देते हे उघड आहे. त्याबरोबर ती न मागता आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, एकट्याने होणार नाही अशा उद्दिष्टात वाटा, समाजात एक ओळख आणि हातापायांना नियमित हालचाल. पगाराची जागा भत्ता काही प्रमाणात भरून काढतो. या पाचांची जागा भरून काढणं त्याला जमत नाही.

मारिएन्थालचं वाचताना मराठी माणसाला मुंबईचं गिरणगाव आठवल्यावाचून राहत नाही. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि लाखाहून जास्त कामगारांना पुन्हा गिरणीचं फाटक दिसलं नाही. लालबाग-परळचा दिवस भोंग्यावर चालायचा. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे चाकरमानी आणि त्याच ठेक्यावर पेटणाऱ्या खाणावळवाल्या बायकांच्या चुली. भजनी मंडळं, व्यायामशाळा, नाटकं, गणपती, सगळं पाळीतून उरलेल्या वेळात उभं राहिलं होतं. त्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं होतं आणि गिरण्या गेल्यावरही मंडळ टिकलं. गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं यावर आपण पुष्कळ लिहिलं. ज्यांचे दिवस गेले त्यांच्यावर त्या मानाने फार कमी लिहिलं.

पण महाराष्ट्राने या प्रश्नाला एक उत्तरही दिलेलं आहे, आणि ते अख्ख्या जगाच्या आधी दिलेलं आहे. विठ्ठल सखाराम पागे, आपले वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे ही कल्पना त्यांनी मांडली आणि १९६५च्या सुमारास आपल्याच भागात तिचा प्रयोग करून पाहिला. मग १९७२चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सुकडी आणि मिलो ही तेव्हाच्या खाण्याची दोन नावं पुरे आहेत. १९७३च्या मेमध्ये राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. दुष्काळ ओसरल्यावर ही कामं गुंडाळून ठेवता आली असती. महाराष्ट्राने तसं न करता १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आणला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. कंत्राटदाराला मज्जाव. बाई-बाप्याला एकच दर. कामावर पाणी, सावली आणि लेकरं सांभाळायची सोय. मारिएन्थालच्या बेकारांनी ज्या गोष्टीची कल्पनाही केली नसती ती इथे कायद्याच्या कलमांत लिहिली गेली. काम ही मेहेरबानी उरली नाही, तो हक्क झाला.

रोजगार हमी योजनेचं, म्हणजे रोहयोचं, काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ते चित्र सांगायला नको. बाभळीच्या फांदीला झोळी, तीत पोर. पुरुष टिकावाने खणतोय, बाई घमेल्याने माती टाकतेय, मुकादम मस्टरवर हजेरी भरतोय. प्रत्येक जोडीचा चौकोनी खड्डा वेगळा, आणि खोली मोजता यावी म्हणून खड्ड्यात मातीचा एक खुंट न खणता उभा राखलेला. मापं घ्यायला माणूस येईपर्यंत तो खुंट ढासळू नये म्हणून बायका त्याला जपायच्या. आठवड्याची मजुरी त्याच खुंटावरून ठरायची. कायद्यात न लिहिलेल्याही काही गोष्टी तिथे घडल्या. गावातली सूनबाई पहिल्यांदा स्वतःच्या नावाने अंगठा उठवून मजुरी घेऊ लागली. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या बायका एका झाडाखाली बसून भाकरी खाऊ लागल्या.

आता दुसरी बाजू. खडी फोडायची, तिचे ढीग रचायचे आणि ते ढीग वर्षानुवर्षं रस्त्याकडेला तसेच पडून राहायचे, हेही रोहयोतच झालं. पहिल्या पावसात वाहून गेलेले कच्चे रस्ते, बोगस मस्टरं, कागदावरचे मजूर, मजुरीसाठी महिनोन्महिने वाट पाहणं, हेही खरं. आपण फोडलेल्या खडीचा कधीच रस्ता होणार नाही हे ज्या बाईला माहीत आहे, तिला मजुरी मिळते, पण याहोदांनी सांगितलेल्या पाचांतली तिसरी गोष्ट, सगळ्यांच्या उद्दिष्टातला वाटा, मिळत नाही. हाच टिकाव पाझर तलावावर चालला तेव्हा खाली विहिरींना पाणी आलं. १९९०पासून रोहयोशी फळबाग लागवड जोडली गेली. कोकणात आंबा-काजू, पठारावर डाळिंब-बोर, लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात सरकारी मजुरीवर खड्डे खणले गेले आणि झाडं उभी राहिली. दोन्हीकडे घाम सारखाच गाळला गेला. एकीकडे खडीचा ढीग उरला, दुसरीकडे बाग. सरकारचा पैसाही तेवढाच. फरक पडला तो काम निवडताना कुणी गावाला विचारलं की नाही, यामुळे.

गोष्ट पुन्हा मारिएन्थालला येते. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये लोअर ऑस्ट्रियाच्या रोजगार कार्यालयाने मुद्दाम तेच गाव निवडून एक प्रयोग सुरू केला. ग्रामाटनोइझीड्लमध्ये वर्षाहून जास्त काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला नोकरीची हमी. सक्ती नाही. आधी दोनेक महिने तयारी, त्यात तुम्हाला काय येतं, काय झेपतं, गावाला काय हवंय, याचा विचार. मग खासगी नोकरी मिळाली तर तिच्या पगाराला सरकार हातभार लावणार, नाही मिळाली तर गावातच काम तयार करणार, रीतसर करारातल्या पगारावर. जुनं लाकडी सामान दुरुस्त करण्याचं, गावच्या मोकळ्या जागांची निगा राखण्याचं काम त्यात होतं. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी आणि व्हिएन्ना विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी परिणाम तपासले. गावातली दीर्घकाळची बेकारी जवळपास संपली. पैशाची चणचण कमी झाली, आणि दिवसाची बांधणी, माणसांचा संबंध, सामाजिक ओळख, सामूहिक उद्दिष्टाची जाणीव, याहोदांनी सांगितलेलं सगळं मोजण्याइतकं परत आलं. शरीराच्या आरोग्यात मात्र फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. माणशी खर्च बेकारीवर सरकार करतच होतं त्याच्या आसपास राहिला.

ही बातमी आली तेव्हा युरोपातल्या वर्तमानपत्रांनी तिला जगातला पहिला हमी-रोजगाराचा प्रयोग म्हटलं असेल, तर तासगाव तालुक्याने त्यावर हरकत घ्यायला हवी. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याची मुळंही महाराष्ट्राच्या याच कायद्यात आहेत. पण आपल्याला नुसत्या पहिलेपणाचा अभिमान बाळगून चालणार नाही. काम दिलं की नाही, एवढंच आपण इतकी वर्षं मोजत आलो: किती मजूर, किती मनुष्यदिवस, किती खर्च. ते काम गावाच्या कामी आलं का आणि करणाऱ्याला ते आपलं वाटलं का, हे मोजणारा रकाना कुठल्याही मस्टरवर नाही. मारिएन्थालच्या मंडळींकडे १९३१ साली एक घड्याळ आणि कोरे कागद होते, तरी त्यांनी तो भरला.

तुम्ही महाराष्ट्रात पगारदार असाल तर तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराची ओळ असते, वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये. १९७५ साली हा कर लागू झाला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. शहरात ज्याला काम आहे त्याने खेड्यात ज्याला नाही त्याच्या कामाचा खर्च उचलावा, असा तो सरळ हिशेब होता. त्या ओळीकडे आपण कपात म्हणून पाहतो. दिवाळीला गावी जाल तेव्हा या पैशातून आपल्या गावात कोणती कामं झाली, ती कुणी ठरवली आणि कुणाच्या हातांनी झाली, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. कामांची यादी मागा. ती सार्वजनिक असते.